नेरूळच्या पाणथळीवरचा फॅलरोप : लाल मानेचा की राखाडी? ओळख पटवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. काल दुपारी भरती चढत असताना नेरूळच्या टी. एस. चाणक्य परिसरातील पाणथळीवर, शेकाट्यांच्या थव्यापासून जरा दूर, एक लहान फिकट पक्षी पोहताना दिसला. मध्येच तो भोवऱ्यासारखा जागच्या जागी गरगर फिरे आणि पाण्यावरचे किडे भराभर टिपे; त्यामुळे तो फॅलरोप आहे याबद्दल मला शंका नाही. प्रश्न आहे तो कोणता, एवढाच.

लाल मानेचा फॅलरोप हिवाळा अरबी समुद्रात काढतो, त्यामुळे स्थलांतराच्या दिवसांत तो आपल्या खाडीत उतरला तर आनंद होईल, पण नवल वाटणार नाही. राखाडी फॅलरोप मात्र हिवाळ्यात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या आणि पेरू-चिलीसमोरच्या समुद्रात असतो. भारतात त्याच्या नोंदी अगदी मोजक्या आहेत, म्हणून हे नाव घेताना मी कचरतो आहे.

तरीही घेतो आहे, ते चोचीमुळे. लाल मानेच्या फॅलरोपची चोच सुईसारखी बारीक असते. या पक्ष्याची आखूड, मुळापासून टोकापर्यंत जवळपास सारख्याच जाडीची होती आणि दोन छायाचित्रांत तिच्या मुळाशी पिवळसर छटा दिसते. अर्थात, उन्हे तिरपी होती, तेव्हा त्या पिवळेपणावर फार विसंबता येणार नाही. पाठ एकसारखी राखाडी वाटली, पांढरट रेघा दिसल्या नाहीत. डोळ्यामागचा काळा पट्टा दोघांनाही असतो, म्हणून त्याचा उपयोग नाही. पक्षी ओळखून देणाऱ्या मर्लिन अ‍ॅपने लाल मानेचा फॅलरोप सुचवला. पण हे अ‍ॅप ठिकाण आणि तारीख लक्षात घेऊन नावे पुढे करते, त्यामुळे वाट चुकलेल्या पक्ष्याबाबत त्याचा कौल मी अंतिम मानत नाही.

दोन्ही जाती हाताळलेल्या किंवा जवळून पाहिलेल्या जाणकारांनी कृपया सांगावे : पिसे बदलून झालेल्या लाल मानेच्या फॅलरोपची पाठ इतकी कोरी दिसू शकते का? चोचीची जाडी ठरवण्यासाठी नेमक्या बाजूने घेतलेले छायाचित्र पुरेल, की उडतानाचेही लागेल? तूर्त ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर मी दोन्ही जातींची जोडनोंदच (म्हणजे ‘या दोहोंपैकी एक’ अशी नोंद) केली आहे.

कोणी पाहायला जाणार असल्यास बांधावरूनच पाहावे, ही विनंती. भरतीच्या वेळी रोहित (फ्लेमिंगो) आणि इतर पक्षी तिथे विसाव्याला येतात आणि आपण चिखलात उतरलो की सगळा थवा उठतो.