लिंक वर आहे, पण नेट नाही: नेटवर्कवाल्यांनो, तुमचे अनुभव सांगा

रात्रपाळी
काल भाचीचा फोन आला. "मावशी, नेट आहे आणि नाहीपण." पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का, हे बघायचा छोटा निरोप) लागतंय, सर्च उघडतंय, पण बँकेचं पान अर्धं येऊन थांबतं आणि फोटो चढतच नाहीत. ऐकता ऐकता मला नोकरीचं पहिलं वर्ष आठवलं. जवळपास याच शब्दांत एका वयस्कर बाईंनी तेव्हा तक्रार केली होती.

मी कॉल घ्यायचे तेव्हा. स्क्रीनवर सगळं हिरवं. सेशन चालू, ऑप्टिकल पॉवर बरोबर, पिंगमध्ये एक पॅकेट (डेटाचा तुकडा) हरवत नाही. "आमच्या बाजूने सगळं ठीक आहे" असं सांगून तक्रारीचं तिकीट बंद व्हायचं आणि बाई पुन्हा फोन करायच्या. शेवटी शिफ्टवरच्या एका सीनियरने माझ्याकडून हेडसेट मागून घेतला. "आजी, कोणतं पान उघडतं, कोणतं नाही, सावकाश सांगा. मी लिहून घेतोय." त्या सांगत गेल्या, ते लिहीत गेले. मग त्यांनी 'तुकडे करू नकोस' हा फ्लॅग लावून पिंगचा आकार वाढवत नेला. १४६४ बाइट गेले. १४७२ अडकले.

पीपीपीओई (ग्राहकाला नेटवर लॉगिन करवणारी पद्धत) स्वतःसाठी ८ बाइट घेतं, म्हणून एका पॅकेटच्या १५०० मधले १४९२ उरतात; त्यातले २८ पिंगच्या हेडरमध्ये जातात. मोठं पॅकेट आलं की वाटेतल्या राउटरने "मावत नाही, लहान करून पाठव" असा आयसीएमपी (यंत्रांच्या आपसातल्या सूचनांचा) निरोप उलट धाडायचा असतो. पलीकडे कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद केलं होतं, त्यामुळे निरोप पोचतच नव्हता. आमच्याकडच्या नव्या राउटरवर एमएसएस क्लॅम्पही (पॅकेटमधल्या मजकुराचा कमाल आकार आधीच बांधणारी सेटिंग) लावलेला नव्हता. तो १४५२ वर बांधला आणि आजींचं बँकेचं पान उघडलं. बाई पहिल्या फोनपासून अगदी खरं सांगत होत्या.

तुमच्याही गोष्टी लिहा. फील्डवाले, नॉकवाले (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षातले), कॉल घेणारे, सगळेच या.

धागेदोरे
रोग (rogue) ओएनटी, म्हणजे घरातली बिघडून भलत्या वेळी बोलणारी फायबरची पेटी. यापेक्षा छळणारा फॉल्ट मी पाहिला नाही.

एका पॉन पोर्टवरची (एकाच फायबरवरून स्प्लिटरने वाटलेली) सगळी घरं एकदम डाऊन. थोड्या वेळाने काही वर, काही खाली. पॉवर मोजावी तर प्रत्येक घरी उणे १९, उणे २१ डीबीएम, म्हणजे उत्तम. फायबर ठणठणीत, स्प्लिटर ठणठणीत. ओएलटीचं (आमच्या टोकाच्या फायबर यंत्राचं) कार्ड बदललं, एसएफपी (त्यातला लेसरचा सुटा भाग) बदलला, काही फरक नाही. जीपॉनमध्ये (अशा वाटलेल्या फायबरमध्ये) खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरवर सगळ्यांना मिळतो, पण वर जाताना १३१० वर प्रत्येक ओएनटीला ठरलेल्या क्षणापुरतंच बोलायची परवानगी असते. एका घरातल्या ओएनटीचा लेसर बिघडून सतत पेटलेला राहिला होता. तो गप्प बसेना, म्हणून बाकी कुणाचंच ऐकू जाईना.

शोधायचा कसा? आमच्या ओएलटीवर त्यासाठी सोय नव्हती. खांबावरची पेटी उघडून स्प्लिटरचं एकेक टोक काढायचं आणि नॉकला फोनवर विचारायचं, "आले का?" "नाही." टोक परत लावायचं, पुढचं काढायचं. खाली घरोघरची माणसं वर बघत उभी. एक टोक काढलं आणि फोनवर नॉकमधली मुलगी ओरडलीच, "आले! सगळे आले!" ज्या घरचा ओएनटी होता तिथे कुणी राहतही नव्हतं, वीज तेवढी चालू राहिली होती.

चांदणी
@धागेदोरे "सगळे आले" हे शब्द नॉकमध्ये बसून ऐकण्यातला आनंद वेगळाच असतो. आमच्या भिंतीवर तांबड्याचं हिरवं होताना बघत राहावंसं वाटतं.

माझा अनुभव नंतर लिहिते, मुलीला आणायला निघालेय.

टॉवरवाला
आमच्याकडे ५ गिगाहर्ट्झची वायरलेस लिंक दिवसातून कधीही मिनिटभर जायची आणि परत यायची. पाऊस नाही, वारा नाही, सिग्नल छान. सगळे म्हणत वीज जाते. लॉग नीट वाचल्यावर 'रडार डिटेक्टेड' दिसलं. त्या पट्ट्यातले काही चॅनल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. रडारसारखं काही ऐकू आलं की उपकरणाने चॅनल सोडायचा आणि नव्या जागी निदान ६० सेकंद नुसतं ऐकायचं, मगच बोलायचं. नियमाप्रमाणे उपकरण बरोबरच वागत होतं. चॅनल बदलला, प्रश्न मिटला. लॉग आधी वाचा, टॉवरवर नंतर चढा, हे मी नव्या मुलांना दरवेळी सांगतो.

उंबरठा
मी या क्षेत्रातली नाही, नवरा आहे. पंधरवड्यातून एकदा त्याची ऑन-कॉल पाळी असते. घरात कुणाचाही फोन त्याच्या रिंगटोनसारखा वाजला तरी तो ताडकन उठतो. मागच्या वेळी बहिणीच्या लग्नात हॉलच्या जिन्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. आधी राग यायचा. एकदा मी शेजारी बसून नुसतं ऐकलं, तो पलीकडच्या कुणाला तरी किती शांतपणे सांगत होता, "घाई नको, आधी वायर कुठे जाते ते बघ, मी आहे लाइनवर." त्यानंतर माझा राग पार गेला. तुम्हा सगळ्यांच्या घरच्यांनाही नमस्कार.

पॅकेटपंत
@उंबरठा ताई, हे आजच बायकोला वाचून दाखवतो.

शून्यसंकेत
दोन मार्ग, दोन वेगळे पुरवठादार, दोन वेगळी बिलं. कागदावर सगळं वेगळं. जेसीबीने एकच चर खणला आणि दोन्ही मार्ग एकाच मिनिटाला गेले. दोघांनीही तिसऱ्याच कुणाचा एकच डक्ट भाड्याने घेतला होता!! तेव्हापासून मी प्रत्यक्ष नकाशा मागतो, रस्ता कुठून कुठे जातो त्याचा. देत नाहीत, कुरकुर करतात, तरी मागतो. करारात 'डायव्हर्स' शब्द असून भागत नाही.

चांदणी
आले. @शून्यसंकेत हो ना! आणि अशा वेळी अलार्म किती येतात. एक फायबर तुटला की त्याच्यामागचा प्रत्येक स्विच, प्रत्येक ओएलटी, प्रत्येक ग्राहक आपापला अलार्म वाजवतो. स्क्रीन पळत राहते आणि नेमका कामाचा अलार्म त्यात बुडतो. मी नवी असताना आमच्या बॅचमधल्या एकीने वहीत हाताने झाड काढून ठेवलं होतं, कोणाच्या मागे कोण. सगळं तांबडं झालं की ती वही उघडायची आणि सगळ्यात वरच्या तांबड्यावर बोट ठेवायची. "इथे." सॉफ्टवेअरच्या आधी तिचं बोट पोचायचं. आता अलार्म एकत्र करणाऱ्या प्रणाली आल्या आहेत, पण झाड कुणीतरी अद्ययावत ठेवावंच लागतं, नाहीतर प्रणालीही चुकीचं बोट ठेवते.

पॅकेटपंत
बीजीपीचा (नेटवर्क एकमेकांना मार्ग कळवतात त्या पद्धतीचा) विषय अजून कुणी काढला नाही म्हणून काढतो. २४ फेब्रुवारी २००८. पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब देशापुरतं बंद करायचं होतं. त्यासाठी त्यांनी २०८.६५.१५३.०/२४ हा मार्ग (यूट्यूबच्या पत्त्यांचा एक गट; / नंतरचा आकडा मोठा तेवढा गट लहान आणि नेमका) आपल्याकडे वळवला आणि ती घोषणा त्यांच्या वरच्या पुरवठादारामार्फत जगभर गेली. यूट्यूबची स्वतःची घोषणा /२२ ची होती. राउटर नेहमी जास्त नेमका मार्ग धरतो, त्यामुळे जगातली बरीचशी यूट्यूबची रहदारी तिकडे वळली आणि तिथेच संपली. सुमारे दोन तास हा प्रकार चालला. यूट्यूबने आधी तोच /२४ आणि मग त्याहून नेमके /२५ जाहीर केले.

त्याच्याही आधीचं, २५ एप्रिल १९९७ चं एएस ७००७ (एएस म्हणजे स्वतंत्र नेटवर्क, त्याचा हा क्रमांक) प्रकरण तर याहून मोठं. एका राउटरने इंटरनेटच्या मार्गांचा मोठा भाग /२४ च्या तुकड्यांत स्वतःच्या नावाने जाहीर केला. तो राउटर बंद केला तरी चुकीचे मार्ग इतर राउटरांमधून बराच वेळ फिरत राहिले.

मी हे एवढ्या आवेशाने का सांगतोय? आजही फिल्टर न लावलेले शेजारी भेटतात. "अहो, आमच्या ग्राहकाकडून असं होणार नाही" म्हणतात. प्रीफिक्स फिल्टर (शेजाऱ्याकडून कोणते गट घ्यायचे) लावा, मॅक्स-प्रीफिक्स (जास्तीत जास्त किती घ्यायचे) लावा, आपले आरओए बनवा. लावायला फार वेळ लागत नाही, आणि न लावल्याने दुसऱ्याचं नेट जातं.

कोवळंऊन
@पॅकेटपंत काका, मी शिकतेय अजून. आरओए म्हणजे आपल्या पत्त्यांवर सही करायची ना? मग २००८ सारखं आता होणारच नाही?

पॅकेटपंत
@कोवळंऊन बरोबर. "हा पत्त्यांचा गट अमुक एएस क्रमांकाकडूनच जाहीर होईल, जास्तीत जास्त इतक्या लांबीपर्यंत" असं सही करून मांडायचं. पण समोरचे राउटर ती सही तपासत असतील तरच उपयोग. शिवाय मूळ एएस बरोबर ठेवून वाटेत मार्ग गळला, तर ते आरओएने पकडता येत नाही. म्हणून फिल्टरही हवेतच. विचारत राहा बेटा.

शून्यसंकेत
२०२१ चं फेसबुकही सांगा. ४ ऑक्टोबर. देखभालीच्या वेळच्या एका आदेशाने त्यांचं अंतर्गत जाळं तुटलं, मग त्यांच्या डीएनएस (नावावरून पत्ता सांगणाऱ्या) सर्व्हरांनी स्वतःचे बीजीपी मार्ग मागे घेतले. नेमकी दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर. माणसं प्रत्यक्ष डेटासेंटरमध्ये पाठवावी लागली, सहा तासांच्या आसपास गेले. त्या आठवड्यात आमच्या साहेबांनी वेगळ्या सिमवरचा कन्सोल सर्व्हर (मुख्य जाळं पडलं तरी यंत्रांपर्यंत पोचवणारा) मंजूर केला. आम्ही तो कधीपासून मागत होतो.

टॉवरवाला
आणि त्या सिमचा रिचार्ज बघत जा! एका साइटवर गरज पडली तेव्हा सिम बंद निघालं होतं.

सांजवेळ
मी कस्टमर केअरला. माझ्याकडचे निम्मे कॉल सीजी-नॅटचे (अनेक घरांना एकच सार्वजनिक पत्ता) असतात, फक्त ग्राहकाला ते नाव माहीत नसतं. "घरचा कॅमेरा बाहेरून दिसत नाही." "गेममध्ये मित्र जोडला जात नाही." "प्रत्येक साइट मला रोबो आहेस का विचारते." राउटरवर १००.६४ ने सुरू होणारा पत्ता दिसला की मला कळतं. आयपीव्ही४ चा (जुन्या प्रकारच्या पत्त्यांचा) जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला, त्यामुळे बरीच घरं एका सार्वजनिक पत्त्यामागे बसलेली असतात. एकाने काही उपद्व्याप केला की बाकीच्यांनाही कोडी सोडवावी लागतात.

लोक चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. "सर, तुमचं काही चुकलेलं नाही" हे वाक्य मी आधी म्हणते. आयपीव्ही६ (नवे, भरपूर पत्ते) चालू असलेल्या भागातून असे कॉल खरोखर कमी येतात. वरचे लोक वाचत असाल तर कृपया उरलेल्या भागांतही चालू करा.

रात्रपाळी
@सांजवेळ तुझ्या त्या पहिल्या वाक्याला सलाम गं. आम्हाला तेव्हा स्क्रिप्टमध्ये ते नव्हतं.

पिंगपोंग
इमारतीतल्या निम्म्या घरांचं नेट बंद, निम्म्यांचं चालू. बंद असलेल्यांना पत्ते १९२.१६८ चे! एकाने नवा राउटर आणून आमची वायर वॅन (बाहेरच्या नेटच्या) ऐवजी लॅन (घरातल्या) पोर्टमध्ये खोचली होती, आणि तो बिचारा राउटर शेजाऱ्यांनाही पत्ते वाटत बसला. डीएचसीपी स्नूपिंग (अनोळखी यंत्राला पत्ते वाटू न देणारी सोय) असतं तर तिथल्या तिथे थांबलं असतं. तो गृहस्थ फार ओशाळला. मी म्हटलं अहो, दोन्ही भोकं सारखीच दिसतात, तुमचा काय दोष. त्याच्या वॅन पोर्टवर पिवळी टेप लावून आलो. आता प्रत्येक घरी लावतो.

धागेदोरे
@पिंगपोंग टेपची कल्पना मस्त. मी फायबरच्या हिरव्या-निळ्या कनेक्टरसाठी तेच करतो. हिरवा एपीसी तिरका घासलेला, निळा यूपीसी सरळ. एकमेकांत बसतात, पण मध्ये फट राहते आणि पॉवर घसरते. आणि पुसा रे! जोडण्याआधी प्रत्येक वेळी पुसा. फायबरचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, धुळीचा कण त्याहून मोठाही असू शकतो. परवा एका घरी सगळं पुसूनही उणे २९, म्हणजे फारच क्षीण. फायबरमध्ये लाल दिवा सोडला, तर कपाटाच्या दारात चेपलेल्या पॅचकॉर्डमधून लाल उजेड बाहेर झिरपताना दिसला.

उंबरठा
@धागेदोरे आमच्याकडे पण ती पिवळी वायर सोफ्याच्या मागे दुमडून खोचलीय. लगेच काढते!

धागेदोरे
@उंबरठा हळू काढा वहिनी, ओढू नका. मोठं गोल वेटोळं ठेवा, झालं.

कोवळंऊन
एक विचारू का, जरा वेगळं आहे. ऑफिसात आधीच्या माणसाने क्रिम्प केलेल्या (टोकाला कनेक्टर दाबून बसवलेल्या) केबल आहेत. टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात, पण एक गिगाबिटला लिंक टिकत नाही आणि एरर वाढत जातात. कनेक्टर बदलून बघितले, आहे त्याच क्रमाने लावून. केबल खराब असेल का?

पिंगपोंग
रंगांचा क्रम वाच पाहू डावीकडून.

कोवळंऊन
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना सारखाच.

पिंगपोंग
सापडलं. ३ आणि ६ ही एका जोडीची टोकं असायला हवीत. इथे ३ वर पांढरा-हिरवा आणि ६ वर निळा, म्हणजे सिग्नल दोन वेगळ्या पिळांत विभागला गेला. पिळ असतो तोच मुळी एका जोडीचा गोंगाट दुसरीत जाऊ नये म्हणून. साधा टेस्टर तार जोडलीय का एवढंच बघतो, जोडी बघत नाही. हिरवा ६ वर ने, निळा ४ वर, पांढरा-निळा ५ वर.

टॉवरवाला
आणि कनेक्टरजवळ पिळ जेवढा कमी सोडवशील तेवढं चांगलं.

कोवळंऊन
एक केबल केली, लिंक एक गिगाबिटला टिकली, एरर शून्य! अजून पूर्ण रॅक बाकी आहे. क्रिम्पिंग टूल दाबून तळहात लाल होतोय, तुम्ही लोक कोणतं वापरता?

धागेदोरे
रॅचेटवालं घे, पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही ते. आणि रॅकच्या केबल हाताने करत बसू नकोस, तयार पॅचकॉर्ड मागव. साहेब नाही म्हणाले तर एररचा आकडा दाखव.