बाबांची १८ फुटी फायबरची होडी: मागची फळी कुजली, वायरिंग सगळं काढू का?

हर्णेची_लेक
आमची होडी गेल्या महिन्यात हर्णेहून टेम्पोत घालून ताम्हिणी घाटातून पुण्याला आणली. धायरीत भावाच्या शेडमध्ये टायरांवर टेकवली आहे. बाबा तिच्यावर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. गुडघ्यांनी समुद्र सोडायला लावला, पण होडी विकू देत नाहीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेवढ्यात काम उरकून नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घालायची, असा मी त्यांना शब्द दिलाय.

मागे १५ हॉर्सपॉवरचं इंजिन लटकतं, त्या फळीचा बोल्ट काढला तर भोकातून चहासारखं पाणी आलं. हातोडीच्या दांड्याने ठोकलं की कडेला टणटण, मध्ये भद्द.

वायरिंग बाबांनी स्वतः केलेलं. घरच्या फिटिंगची वायर, जोड पिळून वर टेप. होडीतलं पाणी उपसायचा पंप लावला की दिवे मंद होतात. बाबा म्हणतात नुसते जोड बदल. तपकीर गल्लीत वायर आणायला गेले तर दुकानदार जाडी विचारतो, किती स्क्वेअर एमएम, आणि मला सांगता येईना.

भोसरी_फायबर
ताई, त्या फळीच्या आत प्लायवूड असतं. बोल्टचं भोक नीट बुजवलं नसेल तर पाणी आत मुरतं आणि तिथेच राहतं. आतल्या बाजूने कापा, बाहेरची कातडी राखा, नाहीतर मागचा आकारच जाईल. कुजलेलं सगळं खरवडून काढा. शेडमध्ये हॅलोजन लावून वाळू द्या, पावसाळ्यात घाई करू नका.

नवीन प्लाय मरीनच घ्या, आयएस ७१० चा शिक्का बघून. चिकटवायला एपॉक्सी, कारण जुन्या फायबरला ती पॉलिस्टर रेझिनपेक्षा चांगली धरते. मात्र तिच्याबरोबर नेहमीची चॉप्ड मॅट, म्हणजे काचेच्या तुटक तंतूंची चटई, नको. तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो आणि एपॉक्सीत स्टायरीन नसतं. विणलेलं कापड आणा. जुन्या फायबरची कड जाडीच्या १२ पट उतरती घासा, म्हणजे ५ मिमीला ६० मिमी. घासताना कापडी मास्कवर भागवू नका, ती धूळ फुप्फुसात जाते.

वाचणाऱ्यांपैकी कुणी पॉलिस्टर वापरणार असेल तर हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते) एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. स्फोट होतो.

बारा_व्होल्ट
सगळं काढा. बाबांनी हाताशी होतं त्यात काम चालवलं, पण खाऱ्या हवेत साधं तांबं आतून काळं पडतं, आणि एकेरी तारेची वायर इंजिनच्या थरथरीने तुटते. कथिलाचा मुलामा असलेली, अनेक तारांची वायर मागा.

जाडीचा हिशेब असा. बॅटरीपासून पंप ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर वायर. पंपाने ५ अँपिअर ओढले तर १.५ स्क्वेअरमध्ये ०.६ व्होल्ट वाटेतच जातात, ४ स्क्वेअरमध्ये जेमतेम पाव व्होल्ट. १२ व्होल्टमध्ये ०.६ म्हणजे ५ टक्के. पंपाला ही घट ३ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. तुमचे दिवे मंद होतात, कारण पंप आणि दिवे एकाच बारीक वायरीवर असणार.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून ७ इंचांच्या आत. पंपाला फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा), त्याची वायर थेट बॅटरीवरून आणि फ्यूज वेगळा. मेन स्विच बंद असतानाही पंप चालला पाहिजे. पावसात होडी एका रात्रीत भरते. जोड क्रिम्प करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी).

हर्णेची_लेक
काका, दादा, दोघांचे मनापासून आभार. काल बॅटरीची वायर सोलली. फूटभर आतपर्यंत काळी, पुढे हिरवी भुकटी. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवली. थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "काढ सगळी. लाल दिवा डावीकडे, हिरवा उजवीकडे, तेवढं विसरू नको."

फळी ३८ मिमी भरली. १८ मिमी प्लायचे दोन थर, मध्ये एपॉक्सी, असं धरून शनिवारी कापायला घेते.

भोसरी_फायबर
बरोबर. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून बसवून बघा, मगच प्लायला करवत लावा.