३०० वॅट सप्लायला पीएफसीचा (पॉवर फॅक्टर सुधारणारा) कोणता आयसी? घाई आहे

भोसरीकर: एल६५६२ए लावलाय. चालू होतो, पण फुल लोडला मॉस्फेट (स्विचिंगचा ट्रान्झिस्टर) भाजतोय. दोन उडाले. सोमवारी गिऱ्हाइकाला दाखवायचंय. थिअरी नको, नंबर सांगा.

सोल्डरवाला: इनपुट किती?

रोहित्र: कॅपॅसिटर पॅनेल बसवा. आमच्या युनिटचा पीएफ ०.८२ होता, आता ०.९९. बिलातला दंड गेला.

सोल्डरवाला: काका, ते मोटरचं. इथे ब्रिज रेक्टिफायरनंतरचा कॅपॅसिटर वेव्हच्या फक्त शेंड्याला करंट ओढतो. हार्मोनिक्सचा (५० हर्ट्झच्या पटीतल्या करंटचा) मामला आहे, तुमचं पॅनेलच तापेल.

रोहित्र: तीस वर्षं पॅनेल बांधतोय, आम्हाला शिकवू नका.

भोसरीकर: ९० ते २६४ व्होल्ट. सगळे तेवढंच देतात ना?

सोल्डरवाला: तिथेच घोळ आहे. एल६५६२ए क्रिटिकल मोडचा, म्हणजे करंट दर फेरीला शून्यावर येतो. इनपुट ३२० वॅट धरलं तर ९० व्होल्टला शिखर करंट दहा अँपिअर, १८० ला पाच. यूसीसी२८१८० घ्या. सलग करंटचा आयसी, आठच पिना, ९० ला सहाच्या आसपास भागेल.

जुना_मल्टिमीटर: यूसी३८५४ घ्या. आयुष्यभर तोच वापरला.

सोल्डरवाला: आणि भोवतीचे सुटे पार्ट सोमवारपर्यंत कोण जुळवणार?

ताई_टेस्टबेंच: आयसीच्या आधी डायोड सांगा.

भोसरीकर: यूएफ५४०८. काय संबंध?

ताई_टेस्टबेंच: क्रिटिकलमध्ये करंट शून्यावर आल्यावर मॉस्फेट चालू होतो, म्हणून हा डायोड खपतोय. सलग मोडमध्ये डायोड वाहत असतानाच मॉस्फेट चालू होणार, डायोड बंद होतानाच्या उलट करंटचा (रिकव्हरीचा) सगळा दणका मॉस्फेटवर. नुसता आयसी बदललात तर तिसराही उडेल. सिलिकॉन कार्बाइड ६०० व्होल्टचा लावा, चोकही (कॉइल) नव्याने काढा. सोमवार विसरा. माल जाणार कुठे?

भोसरीकर: विचारलं. सोलापूरकडे, गोदामांत. १८० ते २७० चालेल म्हणाले.

ताई_टेस्टबेंच: मग आहे तोच आयसी ठेवा! २७० चं शिखर ३८२ होतं, आउटपुट ४०० वर ठेवा, कॅपॅसिटर ४५० चा. १७० खाली बंद पडेल असं सर्किट मात्र घाला.

जुना_मल्टिमीटर: आमच्या गावात पंप लागले की १५० येतात.

भोसरीकर: दादा, आता तुम्ही नका.

ताई_टेस्टबेंच: ते बरोबर बोलतायत. आणि ९० वर टेस्ट करून मॉस्फेट उडवलेत की २३० वर?

भोसरीकर: २३० वर.

ताई_टेस्टबेंच: अहो, २३० वर तर करंट कमीच, मग दोष आयसीचा नसेल. आधी चोकचा फोटो टाका!