मदत हवी आहे: संकरासाठी आई कोणती, बाप कोणता?

वावर_यवतमाळ: तुरीचे मारुती, बीएसएमआर ७३६ आणि बीडीएन ७११, तिन्ही वाण लावलेत. यातल्या दोघांचा संकर करायचा आहे. गेल्या साली ७३६ ला शेंगा जास्त होत्या, म्हणून ती पक्की. दुसरी कोणती? कळ्या लागल्यात, लवकर सांगा.

धुऱ्यावरचा: संकर कशाले करता बाप्पा? सोयाबीनच्या चार ओळींमागं दोन ओळी तूर टाका अन् मोकळे व्हा.

अकोट_ताई: हे कशासाठी, ते लिहिलंच नाही. मर रोग आहे की वांझ, म्हणजे झाडाला फुलं-शेंगाच न धरणारा रोग? जमीन कशी? ओलीत?

वावर_यवतमाळ: मरच, दुसरं काय! झाडं उभ्याउभ्या वाळतात. मुरमाड जमीन, ओलीत असतं तर एवढं कशाला केलं असतं?

अकोट_ताई: हे आधी सांगायचं न भाऊ. ७३६ मर आणि वांझ दोन्ही सोसते, पण सहा महिने घेते. मुरमाडात दाणा भरायच्या वेळी ओल संपलेली असते. ७११ पाचेक महिन्यांत निघते. या दोघींची जोडी लावा. मारुती मर सोसते, पण वांझ लागतो. नुसत्या शेंगा मोजून आई-बाप ठरत नाहीत.

बियाणं_काका: मारुतीला नावं ठेवू नका. आमच्या वावरात एक झाड मेलं नाही.

अकोट_ताई: काका, वावरात मरीची बुरशी होती कशावरून? आयसीपी २३७६ सारखा मरीला बळी पडणारा वाण मधूनमधून लावतात. तो मेला तरच बाकीच्यांची परीक्षा झाली.

बियाणं_काका: मरणारी तूर मुद्दाम पेरायची? धन्य आहे!

रोही_त्रस्त: रोह्यांवर, म्हणजे नीलगायींवर, उपाय असेल तर सांगा. आमची तूर मरीपर्यंत पोचतच नाही.

वावर_यवतमाळ: रोह्याचा वेगळा धागा काढा राजेहो. ताई, आई कोणती?

अकोट_ताई: पांढरी ७११. ७३६ चा लाल दाणा पांढऱ्यावर वरचढ असतो. यंदा बी पांढरंच दिसेल, कारण साल आईची. ते पेरल्यावर झाडाला लाल दाणे आले तर संकर लागला. परागकोश फूल उमलायच्या आदल्या दिवशी कळीतच फुटतात, त्याहून कोवळ्या कळीतले काढा आणि ७३६ चे पराग लावा. वरून पिशवी बांधा, मधमाश्या तुरीत फार फिरतात. आणि कळ्या नेमक्या कोणाला लागल्यात?

वावर_यवतमाळ: ७११ लाच. ७३६ अजून हिरवीगार.

अकोट_ताई: मग थांबा. ७११ च्या काही झाडांच्या कोवळ्या शेंगा खुडत राहा, नवा बहर येतो. ७३६ फुलली की लिहा.