आष्टी (बीड): सौर पंप आणि ठिबकला अनुदान हवंय, सुरुवात कुठून करू?

रांगडा_कांदा
नमस्कार. पावणेतीन एकर जमीन आहे, सातबारा सासऱ्यांच्या नावावर. एकवीस दिवसांपूर्वी ते गेले. चुलत सासऱ्यांच्या बोअरवरून आम्ही पाळीनं पाणी घेतो आणि आमची पाळी रात्रीची. पावसानं ओढ दिलेली, रात्री बाराला लाईट आली म्हणून मोटार चालू करायला गेले आणि स्टार्टरच्या पेटीजवळच घोणस चावली. दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. वय 64.

आता शेत मीच बघते. मालक चाकणला कंपनीत आहेत, सुट्टीला येतात. रात्री मोटारीला मला जायचं नाही आणि दुसऱ्या कुणाला पाठवायचंही नाही. आमची स्वतःची विहीर आहे. तिला लाईट नाही, डिझेल इंजिन लावतो, पाणी जानेवारीपर्यंत पुरतं. तिच्यावर सौर पंप आणि दीड एकर कांद्याला ठिबक करायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो, "ठिबक आजच टाका, फाईल मी मागून करतो, ऐंशी टक्के परत येतात." लागण तोंडावर आलीय. घेऊ का?

शिवार_जामखेड
ताई, आज घेऊ नका. ऐंशी टक्के खरंच मिळतात, दुकानदार त्यात खोटं बोलत नाही. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला केंद्राचे 55 आणि राज्याचे 25, त्याच्या वरच्याला एकूण 75. पण ते तुमच्या बिलावर नसतात, सरकारनं ठरवलेल्या खर्चावर असतात. बिल त्याहून जास्त झालं तर वरचा भार तुमचाच. आणि हे सगळं सरकारची पूर्वसंमती, म्हणजे खरेदीआधीची लेखी मंजुरी, आल्यानंतर घेतलेल्या मालाला.

माझं हेच झालं. लागणीची घाई होती म्हणून नळ्या आधी अंथरल्या. बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या नऊ दिवस आधीची निघाली आणि अर्ज बाद. हातउसने घेतलेले पैसे फेडायला दोन हंगाम गेले. दुकानदाराचं काहीच अडलं नाही, त्याचे पैसे त्याला रोख मिळाले होते.

महाडीबीटी ह्या सरकारी पोर्टलवर अर्ज करा, फी 23 रुपये 60 पैसे. पूर्वी सोडत निघायची, आता आधी येईल त्याला आधी, म्हणून अर्जाची तारीख महत्त्वाची. मात्र त्याआधी शेतकरी ओळख क्रमांक लागतो आणि त्यासाठी सातबाऱ्यावर हयात माणसाचं नाव लागतं. म्हणजे तुमची गाडी वारस नोंदीपाशी अडलीय, ठिबकपाशी नाही.

पाणी_पाळी
सौर पंपाचं मी सांगतो, मागच्या वर्षी बसवलाय. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत सर्वसाधारण गटाला किमतीच्या 10 टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीला 5. पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडे. विहिरीला आधीचं वीज कनेक्शन नसावं लागतं, तुमच्या विहिरीला नाही हे चांगलंच. अडीच एकराच्या वर पाच एकरापर्यंत 5 एचपी बसतो, पण माझं ऐकाल तर 3 चा मागा. पात्रतेपेक्षा लहान पंप मागता येतो. जानेवारीला तळ दिसणाऱ्या विहिरीला 5 चा पंप तासाभरात उपसून रिकामं करतो, मग दिवसभर नुसतं बघत बसायचं.

आधी हे बघा: सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का? नसेल तर तलाठ्याकडून आधी ती करून घ्या. अन् वारस लागल्यावर सगळ्या हिस्सेदारांचं संमतीपत्र लागेल.

दिवसा ऊन असेल तेव्हाच चालतो. रात्री उठायचं काम राहत नाही. आमच्या घरात ह्याच एका गोष्टीनं माणसं सुटली.

जुना_कृषीपर्यवेक्षक
मंडळी, ताईंची पहिली पोस्ट पुन्हा वाचा. एकवीस दिवस. सर्पदंश. वय 64. सातबारा स्वतःच्या नावावर.

ताई, ठिबक आणि पंप चार महिने थांबतील. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा अर्ज थांबणार नाही. खातेदार शेतकरी किंवा त्याच्या घरातला एक सदस्य, वय 10 ते 75, अपघाती मृत्यू झाला तर 2 लाख रुपये. सर्पदंश त्यात येतो. अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात द्यायचा असतो. तुमच्या हातात नऊ दिवस आहेत.

उद्या सकाळी हे करा. सासऱ्यांच्या नावाचा आजचा डिजिटल सहीचा सातबारा काढून ठेवा, 15 रुपयांत मिळतो. फेरफार झाल्यावर नाव निघून जाईल आणि मग तेच सिद्ध करत बसावं लागेल. मृत्यू दाखला, वयाचा पुरावा, तलाठ्याकडून वारसांची नोंद असलेला 6-क, पोलीस पाटलांचा अहवाल किंवा पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल. पैशावर पहिला हक्क सासूबाईंचा, म्हणून खातं त्यांचं द्या आणि ते आधारशी जोडलेलं आहे ना ते बँकेत विचारा.

नोकरीत असताना मी अशी घरं पाहिलीत जिथं बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत महिना निघून गेला आणि मग कुणीतरी सांगितलं. बायका कार्यालयाच्या पायरीवर बसून रडल्यात. म्हणून इतकं ठासून लिहितोय.

रांगडा_कांदा
काका, ही योजना माहीतच नव्हती. गावात कुणीच बोललं नाही. पीएम (शवविच्छेदन) झालंय, पण अहवाल अजून हातात नाही. दवाखान्यातून पोलिसांत कळवलं होतं. अहवालासाठी थांबू का?

जुना_कृषीपर्यवेक्षक
नाही. आहेत त्या कागदांवर अर्ज द्या, अहवाल मागून जोडतो असं त्यातच लिहा आणि शिक्का-तारखेची पोच घ्या. तोंडी "ठेवून जा" म्हणाले तर पोच मिळेपर्यंत उठू नका.

काळी_माय
अजून तीन गोष्टी. वारस म्हणून सासूबाई, तुमचे मालक आणि नणंदा लागतील. सुनेचं नाव लागत नाही, तेव्हा ओळख क्रमांक आणि अर्ज मालकांच्या किंवा सासूबाईंच्या नावानं होतील. मालकांना ओटीपीसाठी फोनवर हजर राहायला सांगा. वारस नोंदीला ई-हक्क ह्या सरकारी संकेतस्थळावरून अर्ज करता येतो.

पीएम किसान आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचा हप्ता सासऱ्यांच्या खात्यावर आला तर उचलू नका, ते गेल्याचं कळवा. नंतर वसुली निघते. वारसानं जमीन आली तर नवीन नोंदणी करता येते.

सासूबाई 65 च्या आत असतील तर तहसीलला संजय गांधी निराधारचं विचारा, महिन्याला 1,500 मिळतात. उत्पन्नाची मर्यादा मात्र फार कमी, वर्षाला 21,000. दाखला त्यात बसतो का ते आधी बघा.

रांगडा_कांदा
आज सव्विसावा दिवस. अर्ज दिला, पोच घेतली. सासूबाई सोबत होत्या, अंगठा नाही लावला, सही केली त्यांनी. पंचनाम्याची प्रत मिळाली, पीएमचा अहवाल पुढच्या आठवड्यात म्हणतात. वारस नोंदीचा अर्जही झाला, नोटिशीची मुदत चालू आहे. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर निघाली, सासऱ्यांनी कधीच करून ठेवलेली.

दुकानदाराला नाही म्हणून सांगितलं. ह्या साली कांदा सरीवरच, डिझेलवर, दिवसा भिजवीन. बोअरची रात्रीची पाळी सोडून दिली.

दोन नणंदा आहेत, एक नाशिकला असते. सौर पंपाच्या संमतीपत्राचा नमुना कुणाकडं असेल तर इथं टाका, ती दिवाळीला येईल तेव्हा सही घेते.