मदत हवी आहे: इटलीत आयसीटीपीच्या कार्यशाळेला जायचंय. व्हिसा, राहणं-जेवण आणि तिथली वागण्याची रीत

मांजराकाठ:

नमस्कार मंडळी,

मी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात पीएचडी करते. विषय आपल्याकडचा पाऊस. पावसाळ्याच्या ऐन मध्यावर मोठे खंड पडतात, ते हवामानाच्या प्रादेशिक मॉडेलमध्ये कितपत उतरतात हे मी तपासते. त्यासाठी रेगसीएम हे संगणकावर चालणारं मॉडेल वापरते. ते जिथे विकसित होतं त्या आयसीटीपी (सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र) या संस्थेत, म्हणजे इटलीतल्या त्रिएस्ते शहरात, दोन आठवड्यांची कार्यशाळा आहे आणि माझी निवड झाली आहे. मे महिन्यात जायचंय. राहण्या-जेवणाचा खर्च संस्था करणार आणि विमानभाड्याचा काही भाग पावत्या दिल्यावर परत मिळणार, असं पत्रात म्हटलंय.

खूप आनंद झालाय. पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९६४ साली ही संस्था सुरू केली ती आपल्यासारख्या देशांत, मोठ्या केंद्रांपासून लांब राहून काम करणाऱ्यांसाठीच. आमचा विभाग अगदी तसाच आहे, म्हणून ही संधी वाया जाऊ द्यायची नाही. पण घरात किंवा विभागात आधी कुणी असं गेलेलं नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला हा प्रश्न आहे.

व्हिसासाठी कधीपासून लागावं? विद्यापीठाकडून कोणती पत्रं घ्यावीत? मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही खात नाही, तिथे निभेल का? खोली दुसऱ्या एका मुलीसोबत आहे, ती कोणत्या देशाची ते आधी कळणार नाही, म्हणून आई काळजीत आहे.

सगळ्यात जास्त धास्ती वागण्या-बोलण्याची आहे. पत्रासोबत आचारसंहिता आली आहे, ती वाचून मान्य करायची आहे. सगळ्या सत्रांना हजेरी अपेक्षित आहे असंही लिहिलंय. ज्यांचे पेपर वाचून मी हे काम शिकले त्यांना हाक काय मारायची? व्याख्यान चालू असताना प्रश्न विचारला तर उद्धटपणा वाटतो का? माझं शिक्षण बारावीपर्यंत मराठीतून झालंय. इंग्रजी लिहिता येतं, बोलताना अडखळते. शिवाय माझ्या कामाचं एक पोस्टरही मांडायचं आहे.

उत्तरायण:

अभिनंदन! व्हिसाचं सांगतो.

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण कागद पुन्हा तपासायचे ठरले तर ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. मे महिना म्हणजे युरोपला जाणाऱ्या पर्यटकांची गर्दी, भेटीची वेळच लवकर मिळत नाही. तेव्हा आजच वेळ पाहायला लागा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. विद्यापीठाचं ना हरकत पत्र घ्याल त्यात कार्यशाळेच्या तारखा, तुमची फेलोशिप, आणि परत येऊन काम पुढे चालू ठेवणार आहात हे स्पष्ट लिहून घ्या. मार्गदर्शकांची सही, मग विभागप्रमुख, मग कुलसचिव कार्यालय अशी फाइल फिरते. सगळ्यात जास्त दिवस तिथेच जातात, तेव्हा सुरुवात तिथून करा.

एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. संशोधनासाठी किंवा वैज्ञानिक परिषदेसाठी जाणाऱ्या संशोधकांना शेंगेन नियमांत व्हिसाशुल्क माफ आहे. एरवी ते ९० युरो असतं. निमंत्रणपत्र पुढे ठेवून अर्ज देतानाच तसं सांगा. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क मात्र भरावं लागतं.

व्हिसा हातात पडेपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. आणि बोर्डिंग पास जपून ठेवा, जातानाचे आणि येतानाचेही. पैसे परत मागताना ते लागतात.

जांभूळ:

अगं, किती छान बातमी! मी हवामानवाली नाही, गणितवाली आहे, पण तिथे राहून आलेय. आईंना माझा हा प्रतिसाद वाचून दाखव.

अतिथिगृहं संस्थेचीच आहेत. गॅलिलिओ नावाचं वरच्या मुख्य इमारतीजवळ आहे, अद्रियातिको खाली ग्रिन्यानोला अगदी समुद्राकाठी. खाली जागा मिळाली तर रोज मिरामारेच्या बागेतून चढून वर यायचं. वाट सुंदर आहे, पण चढ आहे, तेव्हा चांगले बूट घे. सोबतची मुलगी घाना, इराण, नेपाळ, ब्राझील कुठलीही असू शकते. तीही तुझ्यासारखीच घरापासून लांब आलेली असते. पहिल्याच संध्याकाळी तीन गोष्टी बोलून घ्या: दिवा किती वाजता मालवायचा, सकाळी आंघोळ आधी कुणाची, आणि खोलीत फोनवर बोलायचं की बाहेर जाऊन. कुणी नमाज पढेल, कुणी पूजा करेल, त्याला जागा द्यायची. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीशी आजही बोलणं होतं.

जेवणाचं: कँटीनमध्ये टोमॅटोचा पास्ता, भाज्या, सॅलड, ब्रेड, फळं मिळतात, उपाशी राहणार नाहीस. मात्र पार्मिजानो आणि ग्राना पादानो ही दोन्ही चीज वासराच्या जठरातलं रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) घालून बनवतात. तू काटेकोर असशील तर पास्त्यावर चीज घालू नका असं आधीच सांग. ताज्या पास्त्यात अंडं असतं, सुक्या पास्त्यात बहुधा नसतं. घरून शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, चिवडा, भाजणी ने. तूप, पेढे, खवा, पनीर नेऊ नकोस. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतात. कढीपत्त्याची ताजी पानंही नकोत.

लॅपटॉपची आपली जाड तीन पिनांची प्लग तिथल्या भिंतीत जात नाही, दोन गोल पिनांचा अ‍ॅडॉप्टर इथूनच घे. वीज २३० व्होल्टच आहे, त्यामुळे बाकी काही लागत नाही. व्हेनिसला उतरलीस तर तिथल्या मेस्त्रे स्थानकाहून त्रिएस्तेला रेल्वेने साधारण दोन तास. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड होतो.

खिडकीजवळ:

वरच्या दोघांनी बरंच सांगितलंय. मी वागण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गेली बरीच वर्षं माझ्या विद्यार्थ्यांना अशा कार्यशाळांना पाठवतोय, आणि हुशार मुलं गप्प बसून परत येतात याचं मला फार वाईट वाटतं.

हजेरीपासून सुरू करतो. तुमच्या जागेसाठी अर्ज करून ती न मिळालेले कितीतरी जण असतात, आणि तुमचा खर्च सार्वजनिक पैशातून होतो. म्हणून पहिल्या दिवशी सकाळी हजर राहायचं आणि शेवटच्या दिवसाचं सत्र संपेपर्यंत थांबायचं. परतीचं विमान शेवटच्या दुपारचं काढू नका. व्हेनिस बघायचंच आहे ना? मधला शनिवार-रविवार त्यासाठीच आहे. स्लोव्हेनियाही अगदी जवळ आहे आणि शेंगेनमध्येच आहे, फक्त पासपोर्ट बरोबर ठेवा. आजारी पडलात तर कार्यशाळेच्या सचिवालयाला निरोप द्या. न सांगता गैरहजर राहिलं की लोक काळजीत पडतात.

हाक मारण्याचा प्रश्न सोपा आहे. पहिल्या भेटीत ‘प्रोफेसर’ आणि आडनाव. त्यांनी नावाने हाक मार म्हटलं की नावाने. आपल्याला ते जड जातं, पण तिथे त्यात अनादर नसतो. उलट प्रत्येक वाक्यात ‘सर’ आलं की ते अवघडतात.

आता प्रश्न विचारणं. व्याख्यान चालू असताना हात वर करून विचारलेला प्रश्न तिथे उद्धटपणा मानत नाहीत, वक्त्याला तो हवा असतो. व्याकरण चुकलं तरी चालतं. खोलीतली निम्मीअधिक माणसं दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतूनच बोलत असतात. प्रश्न वहीत एका वाक्यात लिहा आणि तेवढाच वाचा. ‘मला दोन प्रश्न आहेत आणि एक टिप्पणी’ अशी सुरुवात नको, आणि स्वतःचं काम सांगायला प्रश्नाचं निमित्तही करू नका. कामाबद्दल बोलायला चहाची सुट्टी असते.

ती सुट्टी सर्वांत मोलाची. आयसीटीपीतली बरीच व्याख्यानं चित्रित होऊन यूट्यूबवर येतात, ती तुम्ही घरी परतल्यावरही पाहाल. माणसं मात्र तिथेच भेटणार. आपल्याकडची मुलं एकाच टेबलाशी बसून हिंदीत बोलत जेवतात, आणि दोन आठवडे तसेच निघून जातात. जर्मनीतल्या ओबरवोल्फाख या गणिताच्या संस्थेत तर जेवणाच्या टेबलावर नावं ठेवून जागा रोज बदलतात, ती याचसाठी. तुम्ही ते स्वतःहून करा. रोज एका जेवणाला अनोळखी टेबलावर बसा. पश्चिम आफ्रिकेतल्या मान्सूनवर काम करणारं कुणीतरी नक्की भेटेल. पावसाचे खंड त्यांनाही छळतात.

दुसऱ्याच्या स्लाइडचा किंवा पोस्टरचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. अप्रकाशित आकृती व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर मुळीच टाकायची नाही. तुमचा स्वतःचा फोटो नको असेल तर आयोजकांना पहिल्या दिवशी सांगा, त्यात काही वावगं नाही.

आचारसंहितेकडे नुसता उपचार म्हणून पाहू नका. अशा संहितांमध्ये छळ, धर्म-वंश-लिंगावरून टोमणे, नकोशी सलगी हे सगळं येतं. त्या व्याख्यानकक्षापुरत्या नसतात. जेवण, सहल, अतिथिगृह, नंतर येणारे संदेश, सगळीकडे लागू असतात. तक्रार कुणाकडे करायची त्यांचं नाव आणि संपर्क निघण्याआधी फोनमध्ये साठवून ठेवा. कुणी कितीही मोठा शास्त्रज्ञ असो, रात्री एकटीला चर्चेला बोलावलं तर ‘उद्या कॉफीच्या वेळी बोलू’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्याने तुमचं काहीही बिघडत नाही. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२.

मांजराकाठ:

खूप खूप आभार. आईला जांभूळताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, तिने लगेच भाजणी दळायला काढली. कुलसचिव कार्यालयात अर्ज आजच दिला.

दोन गोष्टी राहिल्या. पोस्टर ए-शून्य आकाराचं, उभं हवंय. ते विमानातून कसं नेतात? आणि पोस्टरवरचे निकाल अजून छापलेले नाहीत. कुणी आकडेवारी मागितली तर द्यावी का?

जांभूळ:

कापडावर छापून घे. घडी घालून कपड्यांबरोबर बॅगेत जातं, नळकांडं सांभाळायला नको. इस्त्रीची घडी मोडायला तिथे आदल्या रात्री खुर्चीवर पसरून ठेवायचं. पीडीएफ मेलमध्येही ठेव.

खिडकीजवळ:

आकडेवारीबद्दल मार्गदर्शकांशी निघण्याआधीच बोलून घ्या. भारतीय हवामान विभागाची पावसाची आकडेवारी वापरली असेल तर ज्याला हवी त्याला ती थेट त्यांच्याकडून घ्यायला सांगा. तुमच्या मॉडेलचे निकाल मागितले तर ‘मार्गदर्शकांना विचारून मेलने कळवते’ म्हणा आणि खरंच कळवा. पोस्टरवर जे मांडलंय त्यावर मात्र मोकळेपणाने बोला, तेवढं लोक पाहणारच आहेत.

पोस्टरसमोर उभं राहून सांगायचं दोन मिनिटांचं बोलणं तयार करा. पहिलं वाक्य मॉडेलबद्दल नको. पेरणी झाल्यावर पावसाने तीन आठवडे दडी मारली की लातूर-बीडकडच्या सोयाबीनचं काय होतं, तिथून सुरुवात करा. मग नकाशावर मराठवाडा कुठे ते बोटाने दाखवा आणि तुमच्या निकालांकडे या. विभागातल्या चार जणांसमोर हे इंग्रजीतून म्हणून बघा.

लॅपटॉपवर लिनक्स चालतंय ना, आणि मॉडेलची एखादी छोटी रन घरीच पूर्ण होतेय ना, तेही पाहून ठेवा. प्रात्यक्षिकांच्या पहिल्या दिवशी निम्मे लोक संकलकाच्या (कंपायलरच्या) त्रुटींशीच झगडत असतात.

मांजराकाठ:

लिनक्स आहे, रन होतेय. व्हिसाची भेट मुंबईत पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मिळाली. शुल्कमाफीचं तिथे काय म्हणतात ते इथेच लिहीन, पुढे जाणाऱ्यांना उपयोगी पडेल.