शब्दचर्चा : जुन्या माउंटन सायकलीचा जीर्णोद्धार, जतन की ओव्हरऑइलिंग?

पायवाट :
साधारण 1980 ते 1996 या काळातल्या माउंटन सायकली पुन्हा चालत्या करणाऱ्यांसाठी मराठी शब्दसूची जुळवायला घेतली आहे. पहिल्याच शब्दाला गाडी अडली. 'रिस्टोरेशन'ला काय म्हणावं? जीर्णोद्धार, पुनरुज्जीवन, नूतनीकरण असे तीन पर्याय पुढे आहेत. त्यानंतर सुट्या भागांचे आणि कामांचे शब्दही हवेत. बेअरिंग, थ्रेड, इंडेक्स शिफ्टिंग, कँटिलिव्हर ब्रेक वगैरे. कोशातले शब्द नकोत, पाना हातात असताना तोंडात येतील असे द्या.

दीडसूत :
या तीनही शब्दांतून एकच काम सुचत नाही, म्हणून सूचीत एकच शब्द ठेवू नका. 'नूतनीकरण' म्हटलं की माणूस फ्रेम थेट भट्टीत रंगवायला देतो. मूळ रंग आणि स्टिकर एकदा गेले की ती सायकल पुन्हा मूळ होत नाही. मी तीन वेगळे शब्द सुचवतो.

जतन : मूळ रंग, स्टिकर, भाग तसेच ठेवायचे. फ्रेम कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवायची, खरवडलेल्या जागचा गंज काढून तिथे रंगाचा ठिपका द्यायचा, वर मेण. फ्रेम पोलादी असेल तर नळ्यांच्या आत गंजरोधक तेल फवारायचं. खाली बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, पायडलच्या दांड्यांचा एक्सल बसतो तो भाग) पोकळीत पाणी साचतं, तिथे जास्त.

ओव्हरहॉल : सगळं खोलणं, धुणं, छर्रे (बेअरिंगमधले बॉल) आणि केबल नव्या, ग्रीस नवं. रंगाला हात नाही. दुकानांच्या पाट्यांवर हा शब्द पुष्कळदा 'ओव्हरऑइलिंग' असा दिसतो. रुळलेला आहे, पण सूचीत घेऊ नका. या कामात तेलापेक्षा ग्रीस महत्त्वाचं, आणि शब्द ऐकून लोक बेअरिंगमध्ये तेल ओततात. पातळ तेल आतलं ग्रीस धुऊन काढतं, पुढे महिन्या-दोन महिन्यांत कोनवर (छर्रे दाबून धरणाऱ्या निमुळत्या नटवर) खड्डे पडतात.

जीर्णोद्धार : फ्रेम वाकलेली, जोड सुटलेला, रंग उरलेलाच नाही अशी अवस्था असेल तेव्हाच. इथे सँडब्लास्टिंग आणि पावडर कोटिंग आलं. चांगल्या पोलादी फ्रेमच्या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये एक मिलिमीटरहून बऱ्याच पातळ असतात, त्यामुळे जाड वाळूचा जोरदार मारा नको. पावडरची भट्टी 180 ते 200 अंशांची असते. पितळी जोडाला तिचा त्रास नाही, पण आटे, हेडट्यूबची (हँडल बसतं त्या नळीची) तोंडं आणि सीटट्यूबची आतली बाजू आधी झाकून घ्यायला सांगा. आट्यांत पावडर बसली तर ते पुन्हा टॅप मारून साफ करावे लागतात.

सूचीत 'जतन' सगळ्यात वर ठेवा. निम्म्याहून जास्त सायकलींना तेवढंच पुरतं.

खारेपाट :
जतनाला 'वज्रलेप' कसा वाटतो? मूर्तीवर करतात तसा मूळ रंगावर पारदर्शक लेप?

दीडसूत :
शब्द देखणा आहे, पण त्यातून सुचणारं काम धोक्याचं. पारदर्शक लॅकरमधल्या द्रावणाने जुने स्टिकर सुरकुततात, आणि एकदा बसलेला लेप रंगासकट निघतो. मेण पुसून काढता येतं. जे परत काढता येत नाही ते जतनात बसवू नये.

रॉकेल :
भागांचे शब्द नव्याने घडवायचे कशाला? पंक्चरच्या दुकानात बहुतेक सगळे तयार आहेत.

बॉल म्हणजे छर्रे. मापही आपलं आहे : सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. मागच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) दोन सुती (1/4 इंच) छर्रे, बहुतेक हबांत प्रत्येक बाजूला 9. पुढच्या हबला दीड सुती (3/16 इंच), बाजूला 10. बीबीमध्ये दोन सुती, सुटे घातले तर बाजूला 11. हँडलच्या बेअरिंगमध्ये बहुधा सव्वा सुती (5/32 इंच). हबमधले जुने काढताना मोजा, मगच नवे घाला. एखादा छर्रा हरवलेला असतो आणि तीच चुकीची संख्या पुढे चालत राहते. छर्रे दर वेळी नवेच घाला, स्वस्त असतात. जुने गुळगुळीत दिसले तरी झिजून लहान-मोठे झालेले असतात, मग भार दोन-तीन छर्ऱ्यांवरच येतो.

फोर्क म्हणजे चिमटा. कप म्हणजे वाटी. कोन कोनच. कोनवर खड्डे पडले तर कोन बदलता येतो. वाटी हबमध्ये पक्की बसवलेली असते, तिच्यावर खड्डे पडले तर हबच गेला असं धरा.

'प्ले' म्हणजे खेळ. चाक धरून बाजूला हलवलं की टकटक लागते तो. एक गोष्ट इथे नेहमी चुकते : क्विक रिलीजच्या (लिव्हर उघडून चाक झटकन काढता येतं अशा) हबमध्ये लिव्हर बंद केल्यावर एक्सल किंचित दबतो आणि कोन घट्ट होतात. म्हणून चाक बाहेर असताना अगदी थोडा खेळ ठेवायचा, लिव्हर आवळल्यावर तो जातो. हातात असताना बिनखेळाचं केलेलं चाक सायकलवर चढवलं की जड फिरतं आणि कोन खाऊन टाकतं. पातळ पाने लागतात, बहुधा पुढे 13 आणि मागे 15 नंबर. जाड पाना कोनच्या खाचेत शिरतच नाही.

चाक सरळ करणं म्हणजे आऊट काढणं. सूचीत हाच शब्द हवा, 'संरेखन' वगैरे नको. बाजूचा आऊट आणि उभा आऊट वेगळे लिहा. जुन्या चाकात आधी प्रत्येक निपलच्या (तार रिमला आवळणाऱ्या छोट्या नटच्या) बुडाशी तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवा, नाहीतर निपल फिरण्याऐवजी तारच पिळवटते. रिम डावीकडे आणायची तर त्या भागातल्या डाव्या तारा पाव फेरा घट्ट, उजव्या तेवढ्याच ढिल्या. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही.

फ्रीव्हीलच्या आतल्या अडकणाऱ्या जिभेला मिस्त्रींच्या हिंदीत 'कुत्ता' म्हणतात, तोही घ्या.

खारेपाट :
'गंज' या शब्दाबद्दल. मराठीत गंज म्हटलं की लोखंडाचा तांबडा गंज डोळ्यापुढे येतो. माउंटन सायकलीत जास्त त्रास देतं ते ॲल्युमिनियमचं पांढरं पीठ. पोलादी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची सीटपोस्ट बिनग्रीसची राहिली, त्यात घाम किंवा खारी हवा लागली, की दोन धातूंमध्ये ओल राहून ॲल्युमिनियम खाल्लं जातं. तयार होणारं पीठ मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतं, त्यामुळे पोस्ट नळीत पाचर मारल्यासारखी बसते. कोकण, मुंबई, गोव्याच्या सायकलींत हे सर्रास. याला बोलीत 'धरलंय' म्हणतात : "सीटपोस्टने धरलंय." हा शब्द घ्यावा, कारण नुसतं 'जाम' म्हटलं की लोक हातोडी घेतात.

सोडवायचा क्रम : सीटचा बोल्ट पूर्ण काढा. पाझरणारं तेल वरून आणि सायकल उलटी करून बीबीकडूनही सोडा, तीन-चार दिवस रोज. मग पोस्टवर जुनी सीट घट्ट बसवून फिरवून पाहा. ओढू नका, फिरवा. नळी तापवण्याचा सल्ला मिळतो, पण तेवढ्याच तापमानाला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे दोन्ही तापले तर पकड वाढते. उलट पोस्टच्या आत बर्फ भरून ती आकसवणं जास्त उपयोगी. शेवटचा उपाय कॉस्टिक सोडा. तो ॲल्युमिनियम विरघळवतो, पोलादाला काही करत नाही. पण त्यात हायड्रोजन वायू निघतो, द्रावण उकळतं, रंग जातो आणि डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो. उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालूनच. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर कधीच नाही.

नवी पोस्ट घेताना नळीचं आतलं माप घ्या. 26.4, 26.6, 26.8, 27.2 अशी मापं असतात आणि 0.2 मिमीच्या फरकाने पोस्ट एकतर घसरते किंवा नळीचा कान चिरते.

लोखंडी गंजाला ऑक्झॅलिक ॲसिड, लिटरभर पाण्यात 20 ते 25 ग्रॅम, काही तास ते एक रात्र. क्रोम केलेले बोल्ट, चेनगार्डच्या कड्या याने छान निघतात. विषारी आहे, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, लगेच पुसून तेल लावा. नाहीतर तासाभरात पुन्हा पिवळं पडतं.

पायवाट :
'थ्रेड'ला 'आटे' पक्कं. 'लेफ्ट हँड थ्रेड'ला 'उलटे आटे' चालेल ना? आणि ते नेमके कुठे असतात ते सूचीत टाकतो.

दीडसूत :
'उलटे आटे'च. दोन ठिकाणी असतात : डाव्या पायडलला आणि बीबीच्या उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूच्या वाटीला. बीबीचे आटे बहुतेक माउंटन सायकलींत 1.37 इंच, इंचाला 24, आणि पोकळीची रुंदी 68 किंवा 73 मिमी. डावा-उजवा लक्षात ठेवण्यापेक्षा हे सोपं : पाना वरच्या बाजूला धरून पायडल मागच्या चाकाकडे फिरवलं की सुटतं, बीबीची वाटी पुढच्या चाकाकडे फिरवली की सुटते. दोन्ही बाजूंना हेच लागू. इटालियन आट्यांच्या फ्रेममध्ये बीबीच्या दोन्ही वाट्या सरळ आट्यांच्या असतात, पोकळी 70 मिमी. आधी मोजून घ्या.

क्रँकबद्दल, म्हणजे पायडलच्या दांडीबद्दल, एक शब्द हवाच : कॉटरलेस. आपल्या साध्या सायकलींच्या क्रँकला कॉटर पिन असते आणि ती ठोकून काढतात. माउंटन सायकलीचा क्रँक चौकोनी निमुळत्या एक्सलवर बसतो, तिथे ठोकाठोक केली तर छर्ऱ्यांच्या वाट्या जातात. पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) लागतो, आटे 22 मिमी. पुलर लावण्याआधी बोल्ट काढा आणि त्यामागचा वॉशरही बाहेर आला का ते बोट घालून पाहा. वॉशर आत राहिला तर पुलर त्यालाच रेटतो आणि क्रँकचे आटे उपसून येतात. परत बसवताना बोल्ट 35 ते 40 न्यूटन-मीटर. ढिल्या क्रँकवर चालवलं की ॲल्युमिनियमचं चौकोनी भोक गोल होतं, त्यावर इलाज नाही.

खटका :
'इंडेक्स शिफ्टिंग' म्हणजे खटक्याचे गिअर. त्याआधीचे बिनखटक्याचे. शिमानोच्या डिओर एक्सटी या माउंटन सायकलीच्या गिअर-संचात खटका 1987 मध्ये आला. त्या काळच्या अंगठ्याच्या लिव्हरवर खटका बंद करून बिनखटक्यावर जायची सोय असते. ती दुरुस्तीत फार कामाची : खटक्यावर गिअर नीट बसत नाही पण बिनखटक्यावर सगळे पडतात, तर गडबड बहुधा केबलमध्ये किंवा फ्रेमच्या कानात, म्हणजे डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) अडकवतात त्या पट्टीत. पोलादी कान हलक्या हाताने सरळ करता येतो.

केबलच्या बाहेरच्या नळीलाही दोन शब्द हवेत. ब्रेकच्या नळीत तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, गिअरच्या नळीत तारा लांबीच्या दिशेने सरळ. ब्रेकची नळी गिअरला वापरली तर ती दबते आणि खटका उशिरा लागतो. उलट केलं तर जास्त वाईट. जोरात ब्रेक दाबल्यावर गिअरची नळी फुटू शकते, आणि ब्रेकच जातो. 'ब्रेक नळी' आणि 'गिअर नळी' असं स्पष्ट लिहा.

1990 नंतरच्या दाबायच्या लिव्हरमध्ये खटका लागतच नाही अशी तक्रार असते. शंभरातले बहुतेक मोडलेले नसतात, कारखान्यातलं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं असतं आणि आतली जीभ दातात पडत नाही. झाकण काढून रॉकेल किंवा डब्ल्यूडी-40 ने धुवा, लिव्हर सतत हलवत राहा, सुटल्यावर पातळ तेलाचे दोन थेंब. आत पुन्हा ग्रीस भरू नका.

कँटिलिव्हरला 'कँटी' पुरे. दोन्ही बाहू जोडणारी तार म्हणजे 'आडवी तार'. ती खाली घेतली की जोर वाढतो पण रबर रिमच्या फार जवळ ठेवावे लागतात. वर घेतली की उलट. रबराचं पुढचं टोक मागच्यापेक्षा सुमारे एक मिमी आधी टेकलं पाहिजे, नाहीतर ब्रेक किंचाळतो. पुढच्या चाकावर आडव्या तारेखाली एखादी पट्टी किंवा मडगार्ड हवंच. मुख्य केबल तुटली तर आडवी तार टायरच्या गोट्यांत अडकून चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून जातो. कँटीच्या लिव्हरला नंतरचे व्ही-ब्रेक जोडू नका. व्ही-ब्रेकला जवळजवळ दुप्पट तार ओढावी लागते.

रॉकेल :
शॉकअपवाल्या चिमट्यांचा उल्लेख राहिला. नव्वदीतल्या पुष्कळ चिमट्यांत स्प्रिंगच्या जागी रबरी गुटके आहेत. वयाने त्यांचा चिकट लगदा होतो किंवा चुरा. जुन्या मापाचे नवे गुटके मिळाल्याशिवाय तो चिमटा घेऊ नका.

खारेपाट :
'रीपॅक'ही सूचीत घ्या. कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत फेअरफॅक्सजवळ 1976 मध्ये उतारावरच्या शर्यती सुरू झाल्या, सुमारे दोन मैलांत 1300 फूट उतार. तेव्हाच्या सायकलींना उलट पायडल मारून लागणारा ब्रेक होता. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि दर फेरीनंतर हब खोलून ग्रीस पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या रस्त्याचं आणि शर्यतीचं नाव रीपॅक. आपल्या सूचीत 'ग्रीस भरणे' या नोंदीखाली ते शोभेल.

पायवाट :
सुंदर. शेवटचं : टायरला '26 इंची' एवढं लिहून चालेल?

रॉकेल :
नाही, त्यावरून चुकीचे टायर घेतले जातात. माउंटन सायकलीची रिम 559 मिमीची. त्या टायरवर माप दशांशात असतं : 26×1.75, 26×1.95, 26×2.125. अपूर्णांकातलं 26×1 3/8 म्हणजे 590 ची रिम, साध्या सायकलींची. तो टायर माउंटन रिमवर सैल बसून निसटतो. 26×1 3/4 हे तर 571, आणि 1.75 म्हणजे पावणेदोनच असं समजून घेणाऱ्यांची तिथेच फसगत होते. सूचीत '26 इंची, दशांशातली, 559' असं पूर्ण लिहा, आणि टायरच्या बाजूवर 50-559 यासारखा जोडआकडा कोरलेला असतो तो वाचायला सांगा. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिम.